खेड्यांतील विद्यार्थी, इंग्रजी भाषा व इंटरनेटचीं साधनें

परभाषा मनुष्याच्या मनांत दोन वाटांनीं प्रवेश करिते. एक वाट डोळ्यांची व दुसरी कानांची. स्वभाषा आपण सारे प्रथम कानांनीं शिकतों व पुढें पांचसहा वर्षांनीं ती डोळ्यांनीं वाचूं लागतों. इंग्रजीच्या बाबतींत आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे, आणि तो तसा होण्यांत कोणाचा अपराध नव्हता. ज्या गांवच्या बाजारांत, शेतांत, चावडींत अथवा घरांत इंग्रजी कोणाच्याहि तोंडीं नाहीं, तेथें ती ऐकावी तरी कोणाकडून? पाठ्यपुस्तक हेंच तिचें घर व शिक्षकाचा कंठ हाच तिचा एकुलता एक आवाज. इंटरनेटच्या आगमनानें ही स्थिति पालटली असें सर्वजण म्हणतात. ती नेमकी कोठें पालटली व कोठें जशीच्या तशी राहिली, हें पाहावें असा या लेखाचा हेतु आहे. आणि विवेचन हवेंत राहूं नये म्हणून भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यांतलें करडी हें गांव आम्ही डोळ्यांपुढें धरीत आहों.

करडी हें धानाच्या मुलखांतलें गांव. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. बांधी, बोडी, रोवणी हे शब्द तेथील मुलाला पाटी हातीं घेण्यापूर्वींच येतात. या भागांत घरीं झाडीबोली बोलली जाते, कांहीं घरीं पोवारी. शाळेंत आल्यावर मुलाला पुस्तकी मराठी भेटते. झाडीबोलींत 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'र' होतो. घरचें 'पानी' शाळेंत 'पाणी' होतें, घरचा 'डोरा' शाळेंत 'डोळा' होतो. बाजारांत व दूरदर्शनावर हिंदी असतेच. म्हणजे इंग्रजीचा पहिला धडा उघडण्याच्या वेळीं हें मूल दोनतीन भाषांत वावरलेलें असतें, आणि एक ध्वनि टाकून त्याच्या जागीं दुसरा घेण्याची विद्या त्यानें कोणीं न शिकवितां आत्मसात् केलेली असते. खेड्यांतील मुलांना भाषा येत नाहीं, असें शहरांत जें सहज बोललें जातें तें आम्हांस मान्य नाहीं. त्यांना भाषा येतात. इंग्रजी त्यांच्या कानांवर पडलेली नसते, एवढेंच.

या एवढ्याशा उणिवेचा परिणाम मात्र लहान नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. तेव्हां शालांत परीक्षेस बसणाऱ्या मुलानें ती दहा वर्षें वाचलेली असते. पुढें तेंच मूल विज्ञान घेऊन तुमसरास किंवा भंडाऱ्यास अकरावींत जातें व तेथें पदार्थविज्ञान, रसायन, गणित हे सारे विषय एकाएकीं इंग्रजींतून त्याच्यापुढें येतात. 'वेग' व 'त्वरण' यांतील भेद ज्याला उत्तम समजला होता, तो 'व्हेलॉसिटी' व 'ॲक्सिलरेशन' हे शब्द वर्गांत ऐकून गप्प बसतो. त्याचें विज्ञान कच्चें नसतें. बोललेली इंग्रजी त्यानें कधीं ऐकलेलीच नसते. अशीं कित्येक मुलें पहिल्या सहा महिन्यांत शाखा बदलतात. आमच्या मतें इंग्रजीच्या अध्यापनाचा खरा प्रश्न येथें आहे. परीक्षेंतील गुणांत नाहीं.

मागच्या काळाकडे पाहिलें तर ही अडचण नवी नाहीं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले व पुढच्याच वर्षीं त्यांनीं तेथें शाळा काढली. त्यांचे विद्यार्थी इंग्रजी एका स्कॉच गृहस्थाच्या तोंडून ऐकत. १८८३ सालापासून ज्या कॉलेजास त्यांचें नांव आहे, तेथें पुढें ती परंपरा चालली. परंतु गुरूचा शिष्य, शिष्याचा शिष्य, असें करीत इंग्रजी जसजशी लहान गांवांकडे सरकली, तसतसा तिचा आवाज मागें राहिला व अक्षरें तेवढीं पुढें आलीं. त्यांत कांहीं वाईट झालें असें नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें पिढ्यान् पिढ्या मराठी माणसांना शुद्ध इंग्रजी लिहावयास शिकविलें, आणि आजहि त्या पद्धतीचा उपहास करणारांनीं आपलें लेखन तपासून पाहावें असें आम्हांस वाटतें. मात्र तिनें कान घडविला नाहीं, व तो तिचा दावाहि नव्हता.

कानासाठीं यंत्रांचा आधार घेण्याचे प्रयत्न जुने आहेत. लिंग्वाफोन नांवाची संस्था १९०१ सालीं लंडनांत निघाली व तिनें परभाषेचे पाठ ध्वनिमुद्रित करून विकले. बी. बी. सी.नें १९४३ सालीं नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. १९५९ सालीं अमेरिकन नभोवाणीनें सुमारें पंधराशें शब्दांत व नेहमींच्या दोन तृतीयांश गतीनें वार्ता सांगण्यास आरंभ केला. सावकाश बोलणें हीच एक शिक्षणपद्धति होऊं शकते हें तिनें दाखविलें. महाराष्ट्रांत पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनें मराठी शाळांसाठीं नभोवाणीवरील इंग्रजी पाठ तयार केले, व त्यांत मुलांनीं वर्गांतल्या वर्गांत उत्तर द्यावें म्हणून मध्यें जागा मोकळी ठेविली. तथापि नभोवाणीचें एक न्यून कोणालाहि दूर करतां आलें नाहीं. ती एकदां बोलली कीं बोलून गेली. न समजलेलें वाक्य 'पुन्हां सांगा' असें तिला म्हणतां येत नसे. इंटरनेटचा मोठा उपकार कोणता असें विचारलें तर आम्ही हाच सांगूं: तें शंभर वेळां तेंच सांगतें व कंटाळत नाहीं.

आतां, असें काय आहे कीं जें पुस्तकानें सांगतां येत नाहीं? एक उदाहरण घ्या. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असतां त्याच्या पहिल्या अवयवावर आघात असतो, आणि क्रियापद असतां दुसऱ्यावर. अक्षरें तींच, अर्थ वेगळा, आणि भेद केवळ जोराच्या जागेचा. मराठींत आघाताच्या जागेवरून शब्दाचा अर्थ ठरत नाहीं. त्यामुळें आपला कान या गोष्टीकडे लक्षच देत नाहीं. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर' व 'फोटोग्राफिक' हे तीन शब्द एकाच घरचे, पण आघात पहिल्यांत पहिल्या अवयवावर, दुसऱ्यांत दुसऱ्यावर व तिसऱ्यांत तिसऱ्यावर पडतो. आणि जेथें आघात नाहीं तेथील स्वर इंग्रज जवळजवळ गिळून टाकतो. 'बनाना' या शब्दांतला मधला 'ना' तेवढा स्पष्ट. अलीकडचा व पलीकडचा स्वर अर्धवट. आपण तिन्ही अवयव सारख्या जोरानें म्हणतों, व समोरच्यानेंहि तसेंच म्हणावें अशी अपेक्षा ठेवितों. मग 'कम्फर्टेबल' हा लिहून पाठ केलेला शब्द तो तीनच अवयवांत 'कम्फ्टबल' असा उच्चारतो, तेव्हां आपल्याला वाटतें कीं त्यानें कांहीं नवाच शब्द वापरला. 'नॉट', 'ॲट', 'ऑल' हे तीन शब्द ज्याला दुसरींतच येतात, त्याला 'नॉटॅटॉल' असें जोडून ऐकल्यावर एकहि ओळखूं येत नाहीं. ऐकण्यांतली बरीचशी अडचण अशी आहे. ती नवे शब्द न येण्याची नाहीं. आलेले शब्द न ओळखण्याची आहे.

व्यंजनांचेंहि तसेंच. 'थिंक' यांतला आरंभींचा ध्वनि आपण 'थ'नें लिहितों, पण आपल्या 'थ'ला जीभ दातांना टेकते, वारा अडतो व मग सुटतो. इंग्रजी ध्वनींत जिभेचें टोंक दातांच्या फटींत राहतें व वारा सारखा झिरपत असतो. आपला 'ट' जीभ मागें वळवून होतो, त्यांचा वरच्या दातांच्या हिरडीशीं होतो. बंडीस इंग्रजींत जो शब्द आहे व पश्चिम दिशेस जो आहे, ते दोन्ही पुष्कळांच्या तोंडून एकच निघतात, कारण पहिल्याचा आरंभ वरचे दांत खालच्या ओठावर ठेवून व्हावयाचा आणि दुसऱ्याचा दोन्ही ओठ गोल करून, हें कोणीं दाखविलेलें नसतें. देवनागरी लिपि समर्थ आहे. इंग्रजीसाठीं तिनें 'ॲ' व 'ऑ' हीं चिन्हेंहि स्वीकारलीं. परंतु या सूक्ष्म भेदांसाठीं तिच्यांत अक्षर नाहीं, व 'मार्गदर्शिकेंत' कंसांत छापलेल्या मराठी उच्चारांवर विसंबून राहणें म्हणजे आंब्याच्या चित्रावरून त्याची चव सांगणें होय. ज्या मुलाच्या कानानें 'पानी' व 'पाणी' यांतला भेद पकडला, तो हेहि भेद पकडतो. त्याला ते ऐकूं मात्र आले पाहिजेत.

ऐकविण्याचीं साधनें आज फुकट आहेत. केंब्रिज व ऑक्सफर्ड यांच्या कोशांत शब्दाशेजारीं चिन्ह दाबलें कीं ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकूं येतात. लिब्रिव्हॉक्स या २००५ सालीं निघालेल्या उपक्रमांत हौशी वाचकांनीं स्वामित्वहक्क संपलेलीं पुस्तकें मोठ्यानें वाचून ठेविलीं आहेत. यूट्यूबवर गति कमी करण्याची सोय आहे. पाऊण गतीनें ऐकलेलें वाक्य प्रथम समजतें व मग पूर्ण गतीनेंहि समजूं लागतें. लहान मुलांसाठीं प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ सालीं उघडलेलें स्टोरीवीव्हर हें गोष्टींचें भांडार आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतें, कारण तेथें पुष्कळशा गोष्टी मराठींत व इंग्रजींत अशा दोन्ही मिळतात, त्या वाचनाच्या चार पायऱ्यांत लाविलेल्या आहेत, आणि त्या उतरवून व छापून घेण्यास परवानगीची जरूर नाहीं. कोणते शब्द आधीं शिकवावे याचेंहि उत्तर तयार आहे. ढाक्यास अध्यापक असलेल्या मायकेल वेस्ट यांनीं बंगाली मुलांचें इंग्रजी पाहून १९२६ सालीं ग्रंथ लिहिला, व पुढें १९५३ सालीं सुमारें दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या धर्तीवर २०१३ सालीं सुमारें अठ्ठावीसशें शब्दांची नवी यादी झाली असून ती इंटरनेटवर खुली आहे. सामान्य मजकुरांतील दहांपैकीं नऊ शब्द याच यादींतले असतात असें तिच्या कर्त्यांचें गणित आहे.

तथापि साधनांची ही रेलचेलच एक संकट आहे. ज्याच्या हातीं सारें भांडार आहे तो त्यांतलें कांहींच पुरें करीत नाहीं. एका तासास दोन मिनिटांचें बोलणें पुरेसें आहे. तें प्रथम पुस्तक मिटून ऐकावें. दुसऱ्यांदा काय समजलें तें मराठींत सांगावें. तिसऱ्यांदा लिहिलेला मजकूर समोर धरून ऐकावा व जे शब्द ओळखूं आले नव्हते त्यांखालीं रेघ ओढावी. मग बोलणाराच्या पाठोपाठ, त्याच्याच चालीनें, तें म्हणावें. दुसऱ्या दिवशीं तेंच पुन्हां. मुलें कंटाळतील अशी भीति कित्येक शिक्षकांना वाटते. समजूं लागलेल्या गोष्टीचा मुलांना कंटाळा येत नाहीं. न समजणाऱ्या नव्या गोष्टीचा येतो.

दुसरी अडचण मोबाईलची. पुष्कळ घरीं एकच मोबाईल असतो व तो दिवसा वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. रात्रीं तो घरीं येतो तेव्हां प्रथम मुलाच्या हातीं पडतो. मुलीची पाळी भांडीं आटोपल्यावर येते, व तोंवर बॅटरी संपलेली असते. घरोघरचा मोबाईल गृहीत धरून गृहपाठ देणें म्हणजे वर्गांतील अर्ध्या मुलींना वर्गाबाहेर बसविणें होय. म्हणून उतरवून घेण्याचें काम शिक्षकानें करावें. सांपडेल तेथें सिग्नल गांठून आठवड्याचें साहित्य एकदांच साठवावें, व शाळेंत एका लहानशा ध्वनिवर्धकावर सर्वांना ऐकवावें. यास संगणककक्ष लागत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं हेंच तत्त्व चालविलें. त्यांच्या विद्यार्थिनींपुढें असलेलीं पुस्तकें त्यांच्या घरच्या भाषेंत नव्हतीं. त्यांनीं ती भाषा शिकून पुस्तकें भाषांतरित केलीं, व त्यांवर क्यूआर चिन्हें छापून त्यांमागें कविता, गोष्टी व पाठ ध्वनिचित्ररूपानें ठेविले. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत अशीं चिन्हें आलीं, केंद्राचें 'दीक्षा' हें व्यासपीठहि २०१७ सालीं सुरू झालें, आणि ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लक्ष डॉलर जाहीर झाले. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. लोक चिन्हांचें कौतुक करितात. आम्हांस मोठी गोष्ट वाटते ती ही कीं, त्यांनीं आधीं मुलांची भाषा शिकली.

येथवर कानाचें झालें. परंतु भाषा ऐकल्यानें अर्धी येते. उरलेली अर्धी कोणी तरी आपलें बोलणें ऐकूं इच्छितो म्हणून येते. हा ऐकणारा इंटरनेटवरून उतरवून घेतां येत नाहीं. डॉ. सुगत मित्र यांनीं १९९९ सालीं दिल्लीस कालकाजी येथें भिंतींत भोंक पाडून संगणक बसविला व वस्तींतील मुलें तो कोणीं न शिकवितां वापरूं लागलीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पुढें त्यांनीं काय केलें तें कमी लोकांना ठाऊक आहे. २००९ पासून त्यांनीं इंग्लंडमधील स्वयंसेवकांना, ज्यांत पुष्कळ वृद्ध स्त्रिया होत्या, इंटरनेटवरून भारतांतील मुलांशीं बोलावयास बसविलें. आणि २०१३ सालीं मिळालेल्या पारितोषिकांतून ज्या सात प्रयोगशाळा निघाल्या, त्यांपैकीं एक आपल्या फलटणला होती. या आज्या शिक्षिका म्हणून बसल्या नव्हत्या. 'हें तूं कसें केलेंस? मला दाखव पाहूं,' असें त्या म्हणत, व मुलांना दाखविण्यासाठीं बोलावें लागे. केवळ यंत्र पुरेसें असतें तर त्याच्या जनकाला आज्या शोधाव्या लागल्या नसत्या.

आमची सूचना अशी आहे कीं करडीच्या मुलानें इंग्लंडच्या आजीची वाट पाहूं नये. घरची आजी आहे. शाळेंत ऐकलेली व छापून घेतलेली इंग्रजी गोष्ट त्यानें रात्रीं आजीपुढें मोठ्यानें वाचावी व एकेका वाक्याचा अर्थ तिला झाडीबोलींत सांगावा. आजीला इंग्रजी येत नाहीं, हीच तिची योग्यता. ती 'मग काय झालं बाबू?' असें विचारील, आणि मूल जर नुसतेंच वाचीत असेल, न समजतां, तर तें तिच्यापुढें लपणार नाहीं. ज्या वाक्याचा अर्थ सांगतां येत नाहीं तें वाक्य दुसऱ्या दिवशीं शाळेंत आणावें. परभाषेच्या अध्ययनांत स्वभाषेस मज्जाव करणारी जी एक पद्धति आहे, ती जेथें सभोंवार इंग्रजी बोलली जाते तेथें शोभते. आपल्या मुलखांत स्वभाषा हीच वर चढण्याची शिडी आहे, व ती काढून घेतली तर मूल वर न चढतां खालीं उभें राहून पाठांतर करितें.

भाषांतर करणारीं व संभाषण करणारीं यंत्रें यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आल्यापासून निबंध, पत्रें व सारांश क्षणांत तयार मिळतात, आणि मुलें ते वहींत उतरवून घेतात. हें पूर्वीं मार्गदर्शिकेवरून होत असे, आतां मोबाईलवरून होतें. पाप नवें नाहीं, सोय नवी आहे. तथापि या यंत्राचा एक चांगला उपयोग आहे. लाजऱ्या मुलाला वर्गांत चुकण्याची जी धास्ती वाटते, ती यंत्रापुढें वाटत नाहीं. त्यानें आधीं आपलें वाक्य स्वतः लिहावें, मग यंत्राला तें तपासावयास सांगावें, आणि काय बदललें व कां बदललें हें शिक्षकांस समजावून द्यावें. ज्याला 'कां' सांगतां येत नाहीं त्याचा बदल धरूं नये. आधीं यंत्र व मग मूल, असा क्रम झाला कीं त्यांत शिकणें उरत नाहीं.

शेवटीं एका कामाचा उल्लेख करितों, जें पांचवी-सहावीच्या वर्गांत सहज होण्यासारखें आहे. स्टोरीवीव्हरवर कोणासहि गोष्ट लिहितां येते व दुसऱ्याची भाषांतरितां येते. 'बांधी' या शब्दाला इंग्रजींत नुसतें 'फील्ड' म्हटलें तर बांधहि गेला व धानहि गेलें. 'पॅडी फील्ड' म्हटलें तर धान आलें, बांध गेलाच. मोल्सवर्थ यांचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर ठेविला आहे. मुलांनीं त्यांत आपल्या घरचे शब्द शोधावे, सांपडले तर अर्थ ताडून पाहावा, आणि सांपडले नाहींत तर तीन सोप्या इंग्रजी वाक्यांत स्वतः समजावून लिहावे, खालीं आपल्या आवाजांत म्हणूनहि ठेवावे. अशा वीस शब्दांची वही एका वर्षांत होते. आरंभ रोवणीच्या दिवसांत करावा, कारण त्या वेळीं शाळा सुटल्यावर पुष्कळ मुलें बांधींतच असतात.